गवाहीचा कागद

माझ्या भाचीच्या निकाहात मी एक गवाह होतो. जानेवारी २०२४ मधली गोष्ट. काझीसाहेबांनी खुत्बा सुरू करण्याआधी वकील आणि आम्ही दोन गवाह आतल्या खोलीत गेलो. भाची बायकांच्या घोळक्यात मान खाली घालून बसली होती. वकिलांनी मुलाचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि मेहेरची रक्कम सांगून तिची मर्जी विचारली. तिन्ही वेळा तिने आम्हाला ऐकू येईल एवढ्या आवाजात होकार दिला. आम्ही बाहेर येऊन तसे सांगितले, रजिस्टरवर सह्या केल्या. माझे काम संपले असे मला वाटले.

महिनाभराने पुण्याहून फोन आला. मुलगा ब्रिटिश नागरिक. त्याचे आजोबा आमच्याच खाडीपट्ट्यातले. बोटीवर खलाशी म्हणून गेले आणि तिकडेच राहिले. कोकणातल्या आमच्या कितीतरी घरांची हीच हकीकत आहे. नातू तिकडे जन्मला, तिकडे शिकला. आमची बोली त्याला समजते, बोलताना मात्र अडखळतो. तेव्हा दोन घरांची ओळख तीन पिढ्यांची असली तरी कायद्याच्या नजरेत भाचीने परदेशी माणसाशी लग्न केले होते, आणि त्याच्या देशाच्या नजरेत त्याने परदेशी बाईशी. तिला तिकडे न्यायचे तर व्हिसा हवा. त्यासाठी पुण्यातला एक सल्लागार गाठला होता. जिभेवर साखर आणि फी कडक, असा माणूस.

त्याला माझे पत्र हवे होते. लग्न खरे आहे अशी ग्वाही देणारे, कुटुंबातल्या जाणत्या माणसाचे पत्र. मी निवृत्त शिक्षक, म्हणून माझ्यावर नजर पडली असावी. मसुदाही त्यानेच पाठवला. त्यात लिहिले होते की मी या जोडप्याला दोन वर्षांपासून ओळखतो, त्यांचे प्रेम माझ्या डोळ्यांदेखत वाढत गेले, ते दोघे मिळून माझ्या घरी कित्येकदा येऊन गेले.

खरे काय होते? निकाहाआधी दोघांनी एकमेकांना एकदाच पाहिले होते. माझ्या बहिणीच्या ओटीवर, नऊ वडीलधाऱ्यांच्या देखत, चहा-नानखटाईच्या तबकासमोर. मग दोन महिने घरच्यांच्या परवानगीने फोनवर बोलणे. मी मुलाला निकाहाच्या आदल्या दिवशी प्रथम भेटलो.

मी हे सल्लागाराला सांगितले. तो म्हणाला, ‘‘सर, लग्न तर खरंच झालंय ना? मग खोटं काय त्यात?’’

या प्रश्नाने मला पुढचे कित्येक महिने सोडले नाही. वरवर पाहता तो चलाख माणसाचा प्रश्न आहे, पण त्यात एक खरी अडचण दडलेली आहे. लग्न खरे. दोघांची मर्जी खरी. एका बाईने आपल्या नवऱ्यापाशी राहावे यात वावगे काय? आणि एवढी साधी गोष्ट घडवून आणण्यासाठी एक मामू दोन वाक्ये खोटी लिहितो, त्याने कुणाचे नुकसान होते?

आपल्या परंपरेत या प्रश्नावर विचार झालेला आहे. इमाम गझाली यांनी ‘इह्या’मध्ये खोटे बोलण्यावर सविस्तर लिहिले आहे, आणि त्यांची भूमिका आपण समजतो तेवढी सोवळी नाही. बोलणे हे साधन आहे, असे ते मानतात. चांगला हेतू खरे बोलून साधत असेल तर खोटे बोलणे हराम. खोट्यावाचून साधतच नसेल आणि हेतू जायज असेल, तर तेवढ्यापुरती मुभा. जीव वाचवण्यासाठी, भांडणाऱ्यांत समेट घडवण्यासाठी, नवरा-बायकोतला गोडवा टिकवण्यासाठी असलेली सवलत सर्वांना माहीत आहे. पण त्याच ओघात ते सावधही करतात: माणसाचा नफ्स ही गरज फार लवकर निर्माण करतो. ज्याला खोटे बोलायचे असते त्याला नेहमीच दुसरा मार्ग नसतो.

शिवाय साक्ष ही साध्या बोलण्याहून वेगळी गोष्ट आहे. साक्ष स्वतःविरुद्ध जात असली तरी खरीच द्यावी, हे आपण मदरशाच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आलो. पाहुण्याला ‘जेवण झालंय’ असे खोटे सांगणारा माणूस आणि कोर्टात खोटे सांगणारा माणूस यांना आपण एका तराजूत तोलत नाही. कारण साक्षीदार स्वतःसाठी बोलतच नसतो. जो तिथे नव्हता त्याला तो आपले डोळे उसने देतो.

म्हणून मी सल्लागाराचा मसुदा बाजूला ठेवला आणि खरे पत्र लिहायला बसलो. तिथे खरा पेच पडला. मी खोटे लिहायचे नाही हे ठरले. पण खरे काय लिहू? हे लग्न ‘खरे’ आहे हे मला कशावरून माहीत?

ब्रिटनचे नियम जोडप्याचे नाते खरे आणि प्रत्यक्ष चालू असलेले असावे अशी अट घालतात. पुरावा म्हणून फोटो, संदेश, प्रवासाची तिकिटे, एकत्र राहिल्याच्या खुणा बघितल्या जातात. ठरवून केलेले लग्न नियमाला वर्ज्य नाही. पण या पुराव्यांमागे लग्नाचे एक विशिष्ट चित्र आहे: आधी ओळख, मग मैत्री, फिरणे, एकत्र राहणे आणि शेवटी लग्न. आमच्याकडे गाडी उलट्या बाजूने धावते. निकाहाच्या दिवशी आमच्या जोडप्याकडे दाखवण्यासारखे काहीच नसते. जे घडायचे ते त्यानंतर घडायचे असते.

सल्लागाराने यावरही तोड काढली होती. मुलगा परत जाण्याआधी त्याने दोघांना एका फोटोग्राफरसोबत मोटारीत घालून पाठवले. एका दिवसात चार ठिकाणे, चार वेळा कपडे बदलून. म्हणजे चार वेगवेगळ्या ‘भेटी’ झाल्या. भाची संध्याकाळी घरी आली ती गप्पच होती. मी विचारले तेव्हा म्हणाली, ‘‘मामू, तो सारखा सांगत होता, नवऱ्याकडे बघून हसा. मला तर त्याच्याकडे नीट बघायचीसुद्धा अजून लाज वाटते.’’ ते फोटो अर्जाला जोडायचे नाहीत असे तिने आणि तिच्या नवऱ्याने मिळून ठरवले. माझ्या मते त्या दोघांचा मिळून घेतलेला हा पहिला निर्णय.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण परक्या बाईच्या मनात, आणि मनातच नव्हे तर शरीरातही, शिरून बघण्याची ही सवय जुनी आहे. २४ जानेवारी १९७९ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ३५ वर्षांची एक भारतीय शिक्षिका उतरली. ती तिथे राहणाऱ्या आपल्या वाग्दत्ताशी लग्न करायला आली होती. वाग्दत्त वधूला तेव्हा व्हिसा लागत नसे. विवाहित बाईला आधी परवानगी काढावी लागे. ही आधीच विवाहित असावी असा अधिकाऱ्यांना संशय आला, आणि ती कुमारिका आहे की नाही हे बघण्यासाठी एका पुरुष डॉक्टरकडून तिची तपासणी झाली. बातमी फुटली, गहजब झाला, ती पद्धत बंद झाली. पुढे संशोधकांनी सरकारी दफ्तरे उघडली तेव्हा कळले की अशा निदान ऐंशी तपासण्या झाल्या होत्या, बहुतेक इथेच, दिल्ली आणि मुंबईच्या कचेऱ्यांत.

शरीराची तपासणी थांबली, पण मनाची सुरूच राहिली. १९८० च्या दशकात एक नियम होता. लग्नाचा प्रमुख हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नव्हता, हे परदेशी नवऱ्याने सिद्ध करायचे. नव्हता, हे सिद्ध करायचे! नसलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणणार? ‘तिकडे जायला आवडेल का?’ या प्रश्नाला हो म्हणावे तर हेतू उघडा पडला, नाही म्हणावे तर मग अर्ज कशाला केला. याच काळात ब्रिटनमध्ये कायद्याने स्थायिक झालेल्या तीन स्त्रियांनी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. पुरुष आपल्या बायकोला जितक्या सहज आणू शकतो तितक्या सहज आम्हाला नवऱ्याला आणता येत नाही, ही त्यांची तक्रार. त्यातली एक मूळ भारतीय घराण्यातली, मलावीत जन्मलेली अब्दुलअझीझ. मे १९८५ मध्ये न्यायालयाने मान्य केले की हा स्त्री-पुरुष भेदभाव आहे. सरकारने समानता आणली खरी: नवऱ्यांसाठीची कडक अट बायकांनाही लावली. तो नियम जून १९९७ मध्ये रद्द झाला.

मला यातला अन्याय दिसतो, आणि त्याहून जास्त एक घोटाळा दिसतो. प्रमुख हेतू कोणता, हे लग्न करणाऱ्याला तरी सांगता येते का? माझ्या बहिणीने हे स्थळ आले तेव्हा पहिली गोष्ट सांगितली ती पासपोर्टची. ‘‘लाल पासपोर्ट आहे,’’ ती म्हणाली. (तो आता निळा असतो, पण आमच्या गावात लालच.) तिने मुलाचा स्वभावही विचारला, घराणेही विचारले, नमाजीही आहे का ते विचारले. यातले प्रमुख कोणते? माझ्या स्वतःच्या लग्नात माझी सरकारी नोकरी आणि सासऱ्यांचा पाहुणचार या दोन्ही गोष्टींचा वाटा होता, हे नाकारले तर बायको हसेल. चाळीस वर्षे आम्ही नीट संसार केला. मूळ हेतूची चौकशी झाली असती तर आम्ही दोघे नापास झालो असतो.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांची एक साधी कल्पना मला इथे उपयोगी पडली. त्यांची व्याख्याने १९६२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. त्यांचे म्हणणे असे की सगळीच वाक्ये काही माहिती देत नसतात. काही वाक्ये उच्चारणे म्हणजेच ती गोष्ट करणे. लग्नातला होकार हे त्यांचे एक उदाहरण. आपल्या ‘कुबूल’ला ते किती चपखल बसते! भाचीने आतल्या खोलीत होकार दिला तेव्हा ती आपल्या मनाची बातमी देत नव्हती. ती वचन देत होती. बातमी खरी किंवा खोटी असते. वचन पाळले जाते किंवा मोडले जाते, आणि ते पुढे कळते. त्या क्षणी साक्षीदाराला एवढेच सांगता येते की वचन दिले गेले, मोकळ्या मनाने दिले गेले, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकले.

व्हिसाची कचेरी वचनाला बातमी समजून तपासते. म्हणून तिला फोटो लागतात.

पण एवढ्यावर थांबून हात झटकणे अप्रामाणिक ठरेल. दारावरचा पहारेकरी विनाकारण संशयी झालेला नाही. कागदापुरती लग्ने होतात, पैसे घेऊन होतात, हे सर्वांना माहीत आहे. आणि त्याहून वाईट गोष्टी आमच्याच घरांत झाल्या आहेत. तिकडे वाढलेल्या मुलीला सुट्टीत गावी आणून, पासपोर्ट काढून घेऊन, चुलतभावाशी निकाह लावायचा आणि त्याला तिच्या पदराला बांधून विमानात बसवायचे, असे लोक मी पाहिले आहेत. त्या मुलीचा होकार ऐकायला गेलेल्या गवाहांनी काय ऐकले असेल? उलट दिशेचीही गोष्ट आहे. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावात परदेशातून एक जावई आला, तीन आठवडे राहिला, ‘कागद पाठवतो’ सांगून गेला. मुलगी अकरा वर्षे कागदांची वाट बघत होती. त्या निकाहात फोटो भरपूर होते. पार आल्बमच होता.

जबरदस्तीच्या लग्नांना आळा घालावा म्हणून ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २००८ मध्ये जोडीदाराच्या व्हिसासाठी किमान वय १८ वरून २१ केले. उद्देशाला कोण नाव ठेवील? पण राजीखुशीने लग्न केलेली तरुण जोडपीही त्यात तीन-तीन वर्षे अडकली, आणि २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या विरुद्ध निकाल दिला. मला वाटते, पहारेकऱ्याला विचारण्यासारखा एक प्रश्न नक्की आहे: हिची मर्जी आहे का? तो एकटीला, दार लावून, तिच्या भाषेत विचारावा. त्या प्रश्नाला मी तरी हरकत घेणार नाही. आमची बरीच वकील-गवाह मंडळी तो नीट विचारत नाहीत.

मात्र जो प्रश्न भाचीच्या आड खरोखर आला, त्याचा मर्जीशी काही संबंध नव्हता. तो पैशाचा होता. २०१२ पासून तिथे नियम आहे की जोडीदाराला आणणाऱ्या नागरिकाचे उत्पन्न ठराविक रकमेवर हवे. तेव्हा ती वर्षाला १८,६०० पौंड होती. ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० झाली. जावयाची नोकरी नवी. एकाच मालकाकडच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या व्हायला मे उजाडणार होता. त्याचा पगार जुन्या मर्यादेच्या वर, नव्या मर्यादेच्या खाली. एप्रिलमध्ये रकमेने उडी मारली आणि तो रेषेच्या या बाजूला राहिला. त्याने शनिवार-रविवारचे दुसरे काम धरले आणि पावत्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या. जानेवारी २०२५ मध्ये अर्ज गेला. अर्जाची फी १,८४६ पौंड, आरोग्य अधिभार ३,१०५ पौंड. आपल्या पैशात पाच लाखांच्या वर. क्षयाची तपासणी, इंग्रजीची परीक्षा वेगळी.

सरकारी तिजोरीवर भार नको, हे म्हणणे मला कळते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये अशी अट मुळात बेकायदा नाही असेच ठरवले. तरी मनाला पटत नाही. त्याच देशात २५,००० पौंड मिळवणारा माणूस शेजारच्या गल्लीतल्या मुलीशी लग्न करून सुखाने राहू शकतो. त्याच्या गरिबीबद्दल कोणी चौकशी करत नाही. मेहेरसुद्धा ऐपतीप्रमाणे ठरवायला सांगणाऱ्या परंपरेत मी वाढलो. एकत्र राहण्यालाच किंमत लावलेली मला सोसत नाही. तिथल्या बालहक्क आयुक्तांच्या २०१५ च्या अहवालामुळे ‘स्काइप कुटुंबे’ असा शब्द रूढ झाला. आई किंवा बाप पडद्यावर, मूल पडद्यासमोर.

आणि हे फक्त साहेबाच्या देशात होते असे मानण्याचेही कारण नाही. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हत्याकांडानंतर आपल्या सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. माहेर भारतात, पासपोर्ट भारतीय आणि सासर कराचीचे, अशा बायका अटारीच्या फाटकावर अडल्या. त्यांच्या मुलांचे पासपोर्ट पाकिस्तानी, त्यांनी पलीकडे जायचे होते. कराचीत कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. त्या दिवसांत आमच्या जमातीत कुणी मोठ्याने बोलत नव्हते, पण टीव्हीवरची ती फाटके बघताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर कुणीतरी खाला, कुणीतरी फुफी होती. हत्याकांड करणाऱ्यांचा गुन्हा त्या बायकांनी कोणत्या हिशेबात फेडायचा, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेले नाही.

पत्राकडे परत येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी ते लिहू शकलो नाही. अर्जच लांबल्यामुळे सुटलो. मग ते अकरा महिने गेले. जावई रोज रात्री दोन्ही कामांतून मोकळा झाला की फोन करायचा. आमच्याकडे तेव्हा पहाटेचे चार-साडेचार. भाची फजरपर्यंत ओटीवर बसून बोलायची, मग नमाज पढून झोपायची. मध्ये तो आठ दिवसांसाठी येऊन गेला. तिला टायफॉइड झाला तेव्हा त्याने डॉक्टरला फोन करून इतके भंडावले की डॉक्टर मला म्हणाले, ‘‘तुमच्या जावयाला आवरा.’’ कचेरीला हवे असलेले सगळे पुरावे या काळात आपोआप जमले. ज्या नियमाने त्यांना दूर ठेवले त्यानेच त्यांची फाईल जाड केली. यात नियमाची भलाई शोधणारे एक गृहस्थ मला भेटले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, चहा पाजला.

डिसेंबरात भाची एकदा सहज बोलून गेली. ‘‘मामू, निकाहाच्या दिवशी कुणी विचारलं असतं ना, की तुझं याच्यावर प्रेम आहे का, तर मी काय सांगितलं असतं? मला माहीतच नव्हतं. आता कुणी विचारत नाही.’’

मी त्याच रात्री पत्र लिहिले. निकाहाआधी ते एकदाच भेटले, हे लिहिले. वधूचा होकार मी स्वतः ऐकला, तो दबावाखाली नव्हता असे मला तिच्या आवाजावरून आणि तिला जन्मापासून ओळखत असल्यामुळे वाटते, हे लिहिले. पहाटेचे फोन आणि टायफॉइड लिहिला. त्यांच्या मनात काय आहे याबद्दल काही लिहिले नाही. सल्लागाराने वाचून तोंड वाकडे केले. पत्र कोरडे आहे म्हणाला. भाचीने ते तसेच जोडले.

एप्रिलमध्ये व्हिसा आला. माझ्या पत्राने काही फरक पडला की नाही, हे कळायला मार्ग नाही. कदाचित कुणी वाचलेही नसेल. व्हिसा तेहतीस महिन्यांचा आहे. २०२७ च्या अखेरीला तो वाढवण्यासाठी पुन्हा सगळे कागद, पुन्हा उत्पन्नाच्या पावत्या आणि बहुधा पुन्हा पत्रे.

परवा तिने ते आठवण करून दिले. मी म्हटले, ‘‘बेटा, तुमचा संसार मी पाहिलेला नाही. या वेळी मी कशाची गवाही देऊ?’’

‘‘मग येऊन बघून जा ना,’’ ती म्हणाली.

म्हणून सध्या मी पाहुण्याच्या व्हिसाचा अर्ज भरतो आहे. मी तिथे राहून जाणार नाही, परत येण्याचा माझा इरादा पक्का आहे, हे मला पटवून द्यायचे आहे. एकसष्ट वर्षांचा माणूस, पेन्शन इथे, कबरस्तान इथे. पेन्शनचा कागद मिळाला. तलाठ्याकडे सातबाऱ्यासाठी दोन खेपा झाल्या, तिसरी सोमवारी आहे.